शिळं रसायनशास्त्र

पहाटेचे साडेतीन. यंगस्टाउन, ओहायो.
बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून
आमची अँब्युलन्स उभी. इंजिन चालू, हीटर अर्धमेला.
शेजारी ओडेल, टोपी नाकावर ओढून झोपलेला.
बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला एवढं पक्कं जमलंय:
रेडिओ खाकरला की जागं व्हायचं,
बाकी कशानंही नाही.

माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात नर्सिंगचा अर्ज.
नाव: मार्लीस ह्लाव्हाटी.
वय: चौतीस.
अनुभव:
यासाठी त्यांनी एकच ओळ ठेवलीय.

प्रवेश कार्यालयातली बाई फोनवर फार गोड बोलली.
म्हणाली, तुमचं रसायनशास्त्र शिळं झालंय,
पाच वर्षांपलीकडचे गुण आम्ही धरत नाही.
शरीररचनेचे?
तेही नाहीत.
काळीज अजून डावीकडेच असतं ना हो?
हे मात्र मी फोन ठेवल्यावर विचारलं, ओडेलला.
तो म्हणाला, काल रात्रीपर्यंत तरी होतं.

म्हणून आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी
एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा तेच मोल, तेच क्षार.
त्यासाठी तीन शनिवार विकलेत,
नाताळची रात्रपाळी आधीच कबूल केलीय.
पँटवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावते:
डाव्या मांडीवर पेशंटचा रक्तदाब, नाडी,
उजव्या मांडीवर पाठ करायची सूत्रं.
एकदा घाईत चुकीची पट्टी वाचली.
डॉक्टरांनी वर पाहिलं. म्हणाले,
कुणाचं काय बावीस पूर्णांक चार लिटर?

शेवटचा प्रश्न:
तुम्हाला नर्स का व्हायचं आहे? तीनशे शब्दांत लिहा.

"मला लोकांची सेवा" एवढं लिहिलं, खोडलं.
पैसे लिही, ओडेल डोळे मिटूनच म्हणाला.
कंबरेतली सरकलेली चकती लिही.
तेही खरंच आहे. पण ते लिहिलं नाही.

मिस्टर युर्चाक लिहिले.
तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना असा अरुंद
की खुर्ची वळवताना भिंतीचा रंग माझ्या कोपराला लागला.
दुसऱ्या वळणावर त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली,
जरा धर, म्हणाले, पडायला नको.
मी खिशात ठेवली.
मग दवाखान्याचं दार, तिथं आमची नव्वद सेकंदं:
वय, तक्रार, औषधं, कशाची ॲलर्जी.
स्ट्रेचर बदललं, सही झाली, चादर नवी घातली.
दोन कॉलनंतर पेन शोधताना
बोटांना दात लागले.

परत गेले. त्या खाटेवर आता एक पोरगी होती, मनगट मोडलेली.
मी विचारलं, ते युर्चाक?
डेस्कवरच्या बाईनं कवळी पिशवीत घातली,
वर नावाची चिठ्ठी लावली, म्हणाली, पोचवू.
कुठं, ते म्हणाली नाही.
नियमच आहे तसा, तिचा काय दोष.

अकरा वर्षं मी त्या दारापर्यंत माणसं आणते.
दाराला काच आहे, पण ती दुधी.
मला एकदा आत थांबायचंय,
दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला तरी विचारायचंय,
झोप लागली का.

शब्द झाले चारशे बारा.
कवळी कापली. दोनशे अठ्ठ्याण्णव.
पुन्हा घातली.

तेवढ्यात रेडिओ खाकरला.
ग्लेनवुड ॲव्हेन्यू, ब्याऐंशी वर्षांची बाई, न्हाणीघरात पडलीय,
दार आतून बंद.
ओडेलनं टोपी सरळ करता करता गिअर टाकलासुद्धा.
लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकोन उघडला:
तुम्ही अजून आहात का?
साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.
हा प्रश्न विचारणारी मी, लोकांचे खांदे थोपटत.
एका हातात ग्लोव्ह चढलेला, दुसरा दातांत.
कोपरानंच "हो" दाबलं.

दाबलं गेलं की नाही,
ते सकाळी बघू.